वॉटसन हॉटेल उर्फ एस्प्लनेड मॅन्शन: पाडावी की राखावी?

भटका_फोर्टकर

काळ्या घोड्याला गेलेली मंडळी एल्फिन्स्टन कॉलेज बघतात, डेव्हिड ससून लायब्ररीच्या दारात फोटो काढतात, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगकडे मान वर करून बघतात, आणि त्याच रांगेतली पुढची इमारत आली की मुकाट पलीकडच्या फूटपाथवर जातात. ही पुढची इमारत म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, जुनं वॉटसन हॉटेल. २००५ मध्ये हिचा एक भाग कोसळून एक माणूस गेला, २०१८ मध्ये बाल्कनीचा तुकडा खाली टॅक्सीवर पडला, २०१९ मध्ये हायकोर्टाच्या आदेशावरून भाडेकरूंना बाहेर काढून ती रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालात पाडून टाका असं आलं, त्याला वारसा जतनवाल्यांनी कडाडून विरोध केला, आणि तेव्हापासून वाद चालूच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या कापसाशिवाय गत्यंतर उरलं नाही. मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. त्याच वेळी गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याचे तट पाडून एस्प्लनेडच्या मैदानावर प्लॉट पाडले आणि लिलावात काढले. त्यातले प्लॉट जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापडवाल्याने घेतले. त्याचं आधीपासून इथे कापडाचं आणि शिलाईचं दुकान होतं, मूळ बेत मोठी शोरूम काढायचा होता, पण शेवटी झालं हॉटेल. डिझाइन रोलंड मेसन ऑर्डिशचं. हा माणूस आर्किटेक्ट नव्हे, इंजिनिअर. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या भल्यामोठ्या लोखंडी छतामागे हाच, आणि थेम्सवरचा अल्बर्ट ब्रिजही याचाच.

त्याने काय केलं, तर इमारतीचा अख्खा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून घेतला, सुटे भाग जहाजाने मुंबईला आणले आणि इथे जोडले. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. बांधकाम चालू असताना कोणीतरी त्याला पक्ष्यांचा प्रचंड पिंजरा म्हटलं होतं.

आता माझं मत. लोक हिला वारसा मानत नाहीत कारण ती देखणी नाही. सीएसएमटीवर कोरलेले प्राणीपक्षी आहेत, घुमट आहे, रंगीत काचा आहेत. हिच्यावर काय आहे? खांब, तुळया आणि रेलिंग. पण हिचं सगळं मोल त्या खांब-तुळयांतच आहे. भिंतींवर भार नाही, सगळा भार सांगाड्यावर, आजच्या प्रत्येक टॉवरचं हेच तत्त्व आहे. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात, ती १८८५ ची. आपली त्याच्या आधीची.

तर पाडावी की राखावी? उत्तराबरोबर कारणही द्या.

टपरीवरचा_चहा

पहिला! राखावी. कारण: तुम्ही एवढं टाईप केलंत म्हणून.

गिरगावची_सुमी

छान धागा. माझे आजोबा सांगायचे की जमशेटजी टाटांना या वॉटसन हॉटेलात भारतीय म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं. तेवढ्या एका गोष्टीसाठी तरी ही इमारत राहिली पाहिजे, अपमानाची जागा पण जपावी माणसाने.

निळावंती

सुमीताई, ही गोष्ट व्हॉट्सअपवर दर महिन्याला फिरते पण इतिहासकारांनी तिच्यावर शंका घेतलेली आहे. टाटांना नाकारणारं हॉटेल कुठलं, कधी, यावरच एकमत नाही, कोणी वॉटसन म्हणतं तर कोणी दुसरंच नाव घेतं. आणि रागाने हॉटेल बांधायचं तर लगेच बांधलं असतं ना. वॉटसन सुरू झालं १८७१ ला, ताज उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये. मध्ये १८९६ ला प्लेग आला, मुंबईची पार रया गेली, बाहेरचे लोक यायला घाबरायला लागले. शहराला एक जागतिक दर्जाचं हॉटेल हवं हा विचार त्या काळात जास्त पटतो. इतका दूरदृष्टीचा माणूस, आणि आपण त्याला नुसतं रुसून हॉटेल बांधायला लावतो.

टपरीवरचा_चहा

तीस वर्षं राग धरून ठेवणारे लोक माझ्या सासरवाडीत आहेत, त्यामुळे अशक्य असं काही नाही.

बीडकाम

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींचीच कामं करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

हिच्यात दोन प्रकारचं लोखंड आहे. खांब ओतीव म्हणजे बिडाचे, आणि तुळया घडीव लोखंडाच्या. दोघांचा स्वभाव वेगळा. बीड दाबाला जबरदस्त, पण ताणाला कच्चं आणि ठिसूळ. घरातला बिडाचा तवा पन्नास वर्षं टिकतो आणि एके दिवशी हातातून पडला की सरळ दोन तुकडे, तसंच. म्हणून खांब बिडाचे (वरून नुसता दाब) आणि तुळया घडीव लोखंडाच्या (त्या वाकतात, म्हणजे खालच्या बाजूला ताण). ऑर्डिशला हे पक्कं माहीत होतं.

बीड फार गंजत नाही, घडीव लोखंड मात्र थराथराने फुगतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे तो आजूबाजूची वीट, दगड, काय असेल ते ढकलत सुटतो. आणि हे कुठे होतं? सांध्यांत. जिथे तुळई खांबात बसते, जिथे बोल्ट आहेत, जिथे बाहेर आलेल्या बाल्कनीचा ब्रॅकेट आहे, तिथे पाणी मुरतं. मुंबईचा पाऊस, समुद्राची खारी हवा, त्यात वर्षानुवर्षं रंग नाही. पडल्या त्या बाल्कन्या. त्या सगळ्यात उघड्यावर आणि फक्त एका टोकाला धरलेल्या असतात, त्यामुळे पहिलं मरण त्यांचंच. यावरून अख्खा सांगाडा संपला असा निष्कर्ष काढता येत नाही, तसंच सांगाडा ठणठणीत आहे असंही म्हणता येत नाही. प्रत्येक सांधा उघडून बघावा लागतो आणि ते करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं.

आणखी एक, बिडाला जागेवर वेल्डिंग करणं महाकटकटीचं काम आहे, तापवलं की शेजारीच नवीन तडा जातो. तड्याला धातूचे टाके घालायची पद्धत आहे, किंवा सरळ नवा खांब ओतून बदलायचा.

भटका_फोर्टकर

बीडकाम, असाच प्रतिसाद हवा होता. दंडवत.

पुणेरी_काका

मुंबईकरांना आपल्याकडचंच सगळं पहिलं आणि थोर वाटतं. अहो पुण्याची मंडई बघा. १८८६ ची, लॉर्ड रे गव्हर्नर असतानाची, म्हणून रे मार्केट. आजही तिथे भाजी विकली जाते, उपयोगात असलेली इमारत टिकते हे साधं तत्त्व आहे. आणि गंमत म्हणजे ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता त्यांचंच नाव पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने तिला मिळालं.

टपरीवरचा_चहा

आलं पुणे. विसाव्या प्रतिसादाच्या आत येणार यावर पैज लावली होती, जिंकलो.

गिरगावची_सुमी

नाव तर आमच्या क्रॉफर्ड मार्केटलाही फुल्यांचंच आहे काका, आणि ते १८६९ चं, म्हणजे तुमच्या मंडईच्या सतरा वर्षं आधीचं. दारावरचं कोरीवकाम लॉकवूड किपलिंगचं, हे बघायला लोक थांबतच नाहीत, ड्रायफ्रूट घेतात आणि जातात.

पण काकांचा मुद्दा बरोबर आहे, वापरात असलेली टिकते.

वकिलीणबाई

सुमी, इथेच तर घोळ आहे. ही इमारत २०१९ पर्यंत पूर्ण वापरात होती! मीच साक्षीदार, माझी उमेदवारी हिच्यातल्या एका चेंबरमध्ये गेली. सेशन्स कोर्ट पाठीमागेच, त्यामुळे आतमध्ये वकिलांची ऑफिसं खच्चून भरलेली, शिवाय टायपिस्ट, झेरॉक्सवाले, खालच्या मजल्यावर दुकानं. हॉटेल बंद पडल्यावर मोठमोठ्या खोल्या पार्टिशन टाकून टाकून विकल्यासारख्या भाड्याने दिल्या, त्यावर पोटमाळे चढले, त्यात पाणी भरलेले पिंप आणि पन्नास वर्षांच्या ब्रीफचे गठ्ठे. मधल्या चौकाला मूळचं काचेचं छप्पर होतं आणि खाली बॉलरूम, आमच्या वेळी त्याच चौकात एसीचं पाणी ठिबकायचं. वापराने इमारत टिकते हे खरं, पण कुठला वापर आणि कोण देखभाल करतंय ते बघा.

देखभालीचं गणित असं. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची इमारत म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर, म्हणजे उपकर, भरणारी), अ वर्ग. भाडं नियंत्रण कायद्याने गोठलेलं. १९४७ चा कायदा, मग १९९९ चा, पण भाडी तीच, चहाच्या बिलाएवढी. मालक म्हणतो एवढ्या भाड्यात मी खर्च का करू, भाडेकरू म्हणतो इमारत तुमची आहे मी खर्च का करू, दुरुस्ती मंडळाकडे उपकराचा पैसा आणि शेकडो इमारतींची रांग. वर ही हेरिटेज ग्रेड दोन-अ, म्हणजे साधी खिडकी बदलायची तरी परवानगी. मी कोणाची बाजू घेत नाही, तिघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच इमारत सडली.

बीडकाम

बाई, पोटमाळ्यांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. ऑर्डिशने हॉटेलच्या खोल्यांचा भार धरला होता, पलंग, कपाट आणि एक साहेब. कागदाच्या गठ्ठ्यांचा भार किती असतो ते लायब्ररी डिझाइन करणाऱ्याला विचारा.

मधली_सुट्टी

एक शंका. मी तर ठिकठिकाणी ही इमारत १८६० ते ६३ मध्ये बांधली असं वाचलंय, धाग्यात १८७१ कसं?

निळावंती

ते १८६०-६३ सगळीकडे एकमेकांवरून उतरवलेलं आहे, पण साधा विचार करा. फ्रिअर गव्हर्नर झाला १८६२ मध्ये, तट पाडले त्यानंतर, प्लॉट विकले त्याच्याही नंतर. १८६० मध्ये त्या जागेवर इमारत उभी करायला वॉटसनकडे प्लॉटच नव्हता. उभारणी १८६७ नंतरची.

म्हणजे यातला खरा धाडसी भाग असा की प्लॉट घेतला तेजीत आणि १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपून बाजार धाडकन आपटला, बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंदसारखा बाजाराचा राजा खाली आला. त्या राखेत या माणसाने इंग्लंडहून लोखंड मागवून बांधकाम पूर्ण केलं.

टपरीवरचा_चहा

आणि त्या हॉटेलात म्हणे वाढायला इंग्लंडहून आणलेल्या वेट्रेस होत्या. लोखंड तिकडचं, विटा तिकडच्या, वेट्रेस तिकडच्या. तेव्हाचे लोक म्हणायचे, वॉटसनने येताना हवा पण आणायला हवी होती.

सावेदादा_फॅन

नावावरून कळलं असेल मी का आलोय. अहो एवढे प्रतिसाद झाले आणि सिनेमाचं कोणी बोलत नाही! ७ जुलै १८९६, फ्रान्समध्ये सिनेमा सुरू करणाऱ्या ल्युमिए बंधूंच्या माणसाने, मारियुस सेस्तिए त्याचं नाव, याच हॉटेलात भारतातला पहिला सिनेमाचा खेळ केला. तिकीट एक रुपया. पॅरिसचा पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५ चा, म्हणजे सात महिनेसुद्धा झाले नव्हते. सेस्तिए खरं तर ऑस्ट्रेलियाला निघाला होता, मुंबई वाटेत लागली. पुढचे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात झाले. हे खेळ बघून आपले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा वेडे झाले, त्यांचा काळबादेवीला फोटो स्टुडिओ होता, त्यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्तीचं शूटिंग केलं. फाळक्यांच्या चौदा वर्षं आधी! मराठी माणसाने तरी ही इमारत पाडा म्हणू नये.

आणि खास तुमच्यासाठी: त्या दिवशी दाखवलेल्या सहा तुकड्यांपैकी एकात भिंत पाडतानाचं दृश्य होतं.

टपरीवरचा_चहा

ट्रेलर होता तो.

मधली_सुट्टी

मार्क ट्वेन पण राहिला होता ना तिथे?

सावेदादा_फॅन

हो, त्याच वर्षी, सिनेमाच्या काही महिने आधी. बाल्कनीतल्या कावळ्यांवर भरभरून लिहिलंय त्याने. कावळे अजून आहेत, बाल्कनीचं वर आलंच आहे.

रोखठोक

सगळ्यांच्या भावना पोचल्या, आता कडू बोलतो. माणूस मेलाय तिथे. खालून रोज हजारो लोक जातात. सिनेमा दाखवला, ट्वेन राहिला, टाटा आले किंवा नाही आले, यातल्या एकाही गोष्टीसाठी ते गंजलेलं लोखंड तसंच उभं ठेवायची गरज नाही. एक फलक लावा. सिनेमा ज्या खोलीत दाखवला ती खोली आज दाखवता येते का कोणाला? शिकागोची ती बिल्डिंग १९३१ मध्येच पाडली, शिकागोचं काही अडलं का? आणि इथे लिहिणाऱ्यांपैकी कोणाची आई रोज त्या बाल्कनीखालून बस पकडायला जात असती तर धागा वेगळा झाला असता.

भटका_फोर्टकर

रोखठोक, फलकाचा मुद्दा सिनेमासाठी आणि ट्वेनसाठी मान्य. म्हणूनच मी धाग्यात ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. कोण राहून गेलं यावर इमारत वाचवायला निघालो तर हरणारच. पण सांगाड्याला फलक पुरत नाही, तो तिथे असला तरच आहे. २००५ मध्ये रेन्झो पियानोसारख्या आर्किटेक्टने आग्रह धरून ही जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घालायला लावली, ती काय ट्वेनच्या कावळ्यांसाठी?

आणि जिवाच्या धोक्याचं म्हणाल तर एक विचार मनात आहे, बीडकाम यांनी सांगावं. ही इमारत सुट्या भागांत आली होती. बोल्ट लावून जोडली. मग उकलून, खराब भाग बदलून परत का जोडू नये? दगडी इमारतीला हे जमणार नाही पण हिला जमायला हवं.

बीडकाम

कागदावर जमतं. प्रत्येक भागाला नंबर द्यायचा, मापं घ्यायची, उतरवायचा, साफ करायचा, तपासायचा, गेलेला असेल तर त्याच साच्यात नवा ओतायचा. अडचण अशी की दीडशे वर्षांनी बोल्ट आणि नट हे दोन पदार्थ उरत नाहीत, एक होऊन बसतात, ते कापावे लागतात आणि कापताना बीड तडकायची भीती असते. तरी अशक्य नाही. दोन मजले उतरवून बघितले की उरलेल्याचा अंदाज येईल. ऑर्डिशच्या अल्बर्ट ब्रिजची पण बरीच डागडुजी झाली आहे. तो १८७३ चा, डळमळतो म्हणून पूर्वीपासून पाटी आहे की सैनिकांनी पुलावरून कदम मोडून चालावं, पण अजून उभा आहे.

रोखठोक

उकलून ठेवलेली इमारत परत उभी राहते यावर मुंबईत कोणाचा विश्वास आहे त्याने हात वर करा.

निळावंती

रोखठोक, मुंबईलाच का नावं ठेवता, न्यूयॉर्कची गोष्ट ऐका. तिथे जेम्स बोगार्डस नावाच्या माणसाने १८४९ मध्ये ओतीव लोखंडाचा दर्शनी भाग असलेली दुकानं बांधली होती, त्या प्रकारातली अगदी सुरुवातीची. १९७१ मध्ये ती जागा मोकळी करायची होती, म्हणून अगदी फोर्टकर म्हणतात तसं दर्शनी भाग उकलला, पुढे दुसरीकडे उभारू म्हणून एका मोकळ्या जागेत नीट रचून ठेवला. १९७४ मध्ये चोरांनी त्यातला बराचसा पळवून भंगारात विकला. उरलेलं दुसरीकडे हलवलं, तर पुढे तेही चोरीला गेलं.

टपरीवरचा_चहा

अख्खी बिल्डिंग चोरीला!! पोलिसात तक्रार लिहिताना हवालदाराने रंग, उंची, ओळखीची खूण विचारली असेल.

पुणेरी_काका

मंडईतून अजून कोथिंबीरसुद्धा चोरीला गेलेली नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

गिरगावची_सुमी

खोटं बोलू नका काका.

मूळ मुद्द्यावर, रॉयल ऑपेरा हाऊसचं बघा ना. तेही अनेक वर्षं बंद, तेही त्याच धोक्यातल्या यादीत आलं होतं, आणि २०१६ मध्ये दुरुस्त होऊन परत सुरू झालं. मग हिलाच का जमू नये?

वकिलीणबाई

कारण ऑपेरा हाऊसला एक मालक होता, गोंडलचं राजघराणं, आणि आत भाडेकरूंचा बाजार नव्हता. इथे बाहेर काढलेले भाडेकरू आहेत आणि त्यांचे हक्क शाबूत आहेत. रोखठोक यांनी हे वाचावं: २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरार संपत नाही, कारण भाडेकरूचा हक्क जमिनीवरही असतो. म्हणजे उद्या पाडली तरी प्रश्न तोच, फक्त इमारत नाही. पाडणं हा सोपा मार्ग वाटतो, पण त्यातून सुटतं काय? नवीन बांधायला गेलात तर हेरिटेजचे उंचीचे नियम, शिवाय आजूबाजूचा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत. बिल्डरला त्यात टॉवर मिळत नाही, मग तो कशाला येईल? प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा राहील आणि पार्किंग होईल.

माझं मत विचाराल तर सरकारने ताब्यात घ्यावी, भाडेकरूंना जवळपास जागा किंवा पैसे देऊन मोकळं करावं, आणि मग बीडकाम यांच्यासारख्यांच्या हातात द्यावी. क्रम हाच. आधी लोखंड आणि नंतर माणसं असं केलं तर पुन्हा कोर्टात भेटू, माझी फी लागेल.

रोखठोक

बाई, जमिनीवरच्या हक्काचं मला माहीत नव्हतं. तरी माझं म्हणणं कायम, ताबा घेईपर्यंत त्या रस्त्याच्या बाजूच्या बाल्कन्या तरी आजच्या आज उतरवा. त्याला कोणाची हरकत आहे का?

बीडकाम

माझी अजिबात नाही. उतरवा, पण गॅस कटरने तोडून नको. नंबर टाकून, फोटो काढून, एकेक ब्रॅकेट सोडवून. त्यातल्या एकाचं बीड लॅबला पाठवलं तरी उरलेल्या इमारतीबद्दल बरंच काही कळेल. आणि उतरवलेला माल इमारतीच्याच तळमजल्यावर कुलपात ठेवा, मोकळ्या जागेत नाही.

टपरीवरचा_चहा

आणि किल्ली काकांकडे.